छोटी भट्टी आणि थेट विक्रीचा हक्क

मद्याचा विषय निघाला की समाजवादी चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी उमटते. त्यात अस्वाभाविक काही नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार त्यांनी झोपडपट्टीत आणि पाड्यावर जवळून पाहिलेले असतात. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाचे उद्दिष्ट राज्यसंस्थेपुढे ठेवले आहे, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १९९३ साली झालेली दारूबंदी ही लोकांच्या रेट्यातून झाली, सरकारच्या कृपेने नव्हे, हेही खरे आहे. परंतु या योग्य अस्वस्थतेचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, 'प्यावी की पिऊ नये' या एकाच प्रश्नाभोवती सारा विचार घोटाळत राहिला. मद्य कोण बनवतो, कोणाच्या साधनांनी बनवतो, ते कोण विकतो आणि त्यातील नफा कोणाच्या तिजोरीत जातो, हे जे अर्थशास्त्राचे मूलभूत प्रश्न कापड, साखर वा तेल यांच्या बाबतीत आवर्जून विचारले जातात, ते या एका उद्योगापुरते अबकारी खात्यावर आणि मक्तेदारांवर सोपवून देण्यात आले. मद्य पिणाऱ्यांची संख्या त्यामुळे कमी झाली नाही. उत्पादकांची मात्र झाली.

या दृष्टीने जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, चेकोस्लोव्हाकियाच्या जुन्या सरहद्दीला लागून असलेल्या 'ओबरफाल्त्स' या डोंगराळ आणि तुलनेने गरीब भागातील एक प्रथा अभ्यासण्यासारखी आहे. विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबेर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न या पाच लहान गावांत आजही गावाच्या सामायिक मालकीचे भट्टीघर आहे. बिअर गाळण्याचा हक्क काही ठरावीक घरांना शतकानुशतके आहे. ज्या कुटुंबाची पाळी असेल ते आपले मोडवून वाळवलेले सातू आणि हॉप्सची फुले घेऊन भट्टीघरात येते. लाकडाच्या जाळावर तांब्याच्या वा लोखंडाच्या मोठ्या काहिलीत सातूचा गोड रस काढून उकळला जातो आणि उथळ परातीसारख्या हौदात रात्रभर निवत ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी हा रस टाकीत भरून, बहुधा ट्रॅक्टरला जोडून, प्रत्येक जण आपापल्या घरी नेतो. यीस्ट घालणे, आंबवणे आणि थंड तळघरात काही आठवडे मुरवणे हे सारे घरी, स्वतःच्या जबाबदारीवर. काहिलीच्या वापराबद्दल भट्टीघराला ठरावीक शुल्क द्यायचे, त्यातून देखभाल चालते.

बिअर तयार झाली की घराच्या दर्शनी भागावर सहा कोनांची एक चांदणी टांगली जाते. 'त्सोइगल' हे त्या बिअरचे नाव मुळात 'खूण' या अर्थाच्या शब्दावरून आले. चांदणी दिसली की गावकऱ्यांनी ओळखावे, या घरी आज बिअर आहे. बैठकीच्या खोलीत बाके मांडलेली असतात, सोबतीला घरचा पाव, चीज आणि मांसाचे थंड काप. पेला भरून देणारी व्यक्ती आणि बिअर बनवणारी व्यक्ती एकच असते, किंवा निदान एकाच कुटुंबातील. पिंप रिते झाले की चांदणी उतरते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या घरावर चढते. घरोघरच्या तारखांचे वेळापत्रक आता वर्षभरासाठी आधीच ठरवले जाते, एवढाच काय तो आधुनिकतेला दिलेला मान. २०१८ साली जर्मनीने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत या प्रथेचा समावेश केला. अर्थात, अशी यादी करण्याची वेळ येते याचाच अर्थ ती वस्तू दुर्मिळ झाली. एके काळी त्या प्रदेशात अशी सामायिक भट्टीघरे गावोगाव होती.

कोल्हापूरकडील वाचकाला यात नवल वाटू नये. आपला ऊस घेऊन शेतकऱ्याने गुऱ्हाळघरात पाळीने जायचे, चुलवाण आणि काहील गुऱ्हाळघराची, गूळ मात्र ज्याचा त्याचा, ही व्यवस्था त्याच्या परिचयाची आहे. फरक पुढच्या पायरीवर पडतो. गुळाची ढेप बाजारपेठेत अडत्याच्या हाती जाते आणि तेथे गुळव्याची कारागिरी एका सौद्याच्या आकड्यात विरघळून जाते. त्सोइगलच्या गावात अडत्या नाही.

या प्रथेकडे भाविक कौतुकाने पाहण्याचे कारण नाही. तिच्यामागे असलेला हिशोब मात्र नीट समजून घेतला पाहिजे. बिअरच्या धंद्यात मोठ्या आकाराला निसर्गतःच एक लाभ मिळतो. काहिलीची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर तिच्यात आठपट रस मावतो, पण तिला लागणारा पत्रा चौपटच असतो. जळणाचेही थोडेबहुत तसेच. शिवाय पाचशे लिटरच्या काहिलीपाशी उभ्या राहणाऱ्या कारागिराचा जो दिवस जातो, तोच पाच हजार लिटरच्या काहिलीपाशीही जातो. म्हणून लहान भट्टीचा दर लिटरमागील खर्च मोठ्या कारखान्यापेक्षा अधिक असणार, यात त्या कारागिराच्या कौशल्याचा वा कष्टाचा काहीही दोष नाही. उलट बाजूने बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. हे पाणी शेकडो मैल वाहून नेणे, त्यासाठी ते गाळून, तापवून टिकाऊ करणे, बाटल्यांत भरणे, त्यावर जाहिरातीचा खर्च चढवणे आणि घाऊक व किरकोळ व्यापाऱ्याचा वाटा सोडणे, हा सारा भार मोठ्या कारखान्यावर पडतो. लहान भट्टीवाल्याने तो भार टाळला तरच त्याचा हिशोब जुळतो.

समजा, ग्राहक एका पेल्याला शंभर रुपये देतो. मोठ्या कारखान्याला त्या पेल्याचा उत्पादनखर्च वीस रुपये आणि लहान भट्टीवाल्याला चाळीस रुपये येतो. व्यापारी दोघांकडूनही पंचेचाळीस रुपयांनाच माल घेणार. कर बाजूला ठेवला तरी पहिल्याला पंचवीस रुपये सुटतात आणि दुसऱ्याला पाच. त्या पाच रुपयांत कर्जाचे व्याज भागत नाही. तोच लहान उत्पादक स्वतःच्या ओसरीवर पेला भरून देऊ लागला तर जागा, वाढपी आणि नासाडी यांचा खर्च वजा जाऊनही त्याच्या हाती पोटापुरते उरते. आकडे काल्पनिक आहेत, पण त्यांतील नाते काल्पनिक नाही. लहान भट्टीच्या दृष्टीने थेट विक्री ही सोय नसून जगण्याची अट आहे. विक्रीचा हक्क काढून घ्या, उत्पादनाचा परवाना खुशाल राहू द्या, भट्टी दोन वर्षांत बंद पडेल. हे मक्तेदारांना पुरेपूर ठाऊक असते, म्हणून ते छोट्या उत्पादकाच्या उत्पादनावर क्वचितच हल्ला करतात. ते विक्रीची जागा ताब्यात घेतात.

इंग्लंडचा इतिहास याची साक्ष देतो. १८३० सालच्या कायद्याने तेथे कोणाही करदात्या गृहस्थाला दोन गिनी भरून स्वतःच्या घरात बिअर गाळण्याची आणि विकण्याची मुभा मिळाली होती. पुढील काळात बड्या कारखानदारांनी पबच्या इमारतीच विकत घेतल्या आणि भाडेकरू पबचालकाने मालकाचीच बिअर विकली पाहिजे अशी अट घातली. १९७० च्या सुमारास सहा कंपन्यांच्या हाती हा बहुतेक धंदा एकवटला होता, आणि स्वतः बिअर गाळून तेथल्या तेथे विकणारे जुने पब साऱ्या देशात अवघे चार उरले होते. १९७१ साली सामान्य ग्राहकांनी 'कॅमरा' ही संघटना स्थापन केली. ग्राहक चळवळीने मक्तेदारीला आव्हान दिल्याचे हे एक बरे उदाहरण आहे, जरी तिचा रोख भांडवलापेक्षा चवीवर अधिक होता.

मक्तेदारी आयोगाच्या अहवालानंतर १९८९ साली थॅचर सरकारने हुकूम काढला. दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कारखानदाराने वरच्या पबपैकी निम्मे बंधनातून मोकळे करावेत, असा त्याचा आशय. परिणाम काय झाला? कारखानदारांनी पब विकले आणि ते घेतले नव्याने उभ्या राहिलेल्या मालमत्ता कंपन्यांनी. त्यांना बिअर गाळण्यात काडीचाही रस नव्हता, भाड्यात होता. भाडेकरूवरील बंधन तसेच राहिले, मालक तेवढा बदलला. मालकीचे तुकडे केले की मक्तेदारी मोडते, अशा भ्रमात वावरणाऱ्या उदारमतवाद्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

खरा बदल दोन गोष्टींनी घडवला. २००२ साली गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना लहान भट्ट्यांना करात निम्म्यापर्यंत सवलत मिळाली, म्हणजे आकारामुळे येणाऱ्या जादा खर्चाची काही अंशी भरपाई झाली. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत भट्ट्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. दुसरी गोष्ट त्या भट्टीवाल्यांनी स्वतःच केली. पबच्या तोट्या बड्या कंपन्यांनी अडवलेल्या असल्यामुळे त्यांनी आपल्याच भट्टीच्या गाळ्यात, कुठे रेल्वेच्या कमानीखाली तर कुठे औद्योगिक वसाहतीत, चार बाके मांडून विक्री सुरू केली. २०२० साली महामारीत पब बंद झाले तेव्हा ज्यांचा ग्राहकांशी असा थेट संबंध होता त्यांना घरपोच विक्री करून निदान तग धरता आला. त्यानंतर वीज आणि गॅस यांच्या दरांनी त्यांतील अनेकांचे कंबरडे मोडले, हेही नमूद केले पाहिजे. लहान असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे.

अमेरिकेची कथा थोडी निराळी, पण निष्कर्ष तोच. १९३३ साली दारूबंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक आणि विक्रेता असे तीन थर कायद्याने वेगळे केले. कारखानदारांनी गुत्ते ताब्यात घेऊ नयेत हा त्यामागील हेतू निर्मळ होता. प्रत्यक्षात वितरकांचा एक बलदंड वर्ग निर्माण झाला आणि आपण गाळलेली बिअर आपणच विकणे हा लहान उत्पादकाच्या दृष्टीने गुन्हा ठरला. एकोणिसाव्या शतकात ज्या देशात चार हजारांवर भट्ट्या होत्या तेथे १९७० नंतरच्या दशकाअखेर शंभरही उरल्या नाहीत. १९८२ पासून एकेका राज्याने जागेवर विक्रीची सवलत देण्यास आरंभ केला. आज तेथे नऊ हजारांहून अधिक भट्ट्या आहेत. अर्थात त्यामुळे मक्तेदारी संपली असे कोणी समजू नये. २०१६ साली शंभर अब्ज डॉलरच्या विलीनीकरणातून उभी राहिलेली एक कंपनी जगातील सुमारे चौथा हिस्सा बिअर बनवते, आणि नामवंत छोट्या भट्ट्या विकत घेऊन त्यांची जुनी नावे तशीच चालवणे हा तिच्या व्यवहाराचा भाग आहे. ओबरफाल्त्समध्येही मोठे कारखानदार 'त्सोइगल' हा शब्द बाटलीवर छापू लागले, तेव्हा तेथील कुटुंबांना एकत्र येऊन अस्सल मालाची स्वतंत्र खूण ठरवावी लागली.

आता आपल्या घरात डोकावून पाहू. महाराष्ट्रात छोट्या भट्टीचा नाश बाजाराने केलेला नाही, कायद्याने केला. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून उत्पादन मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटले आणि विक्रीचे मक्ते लिलावाने श्रीमंत गुत्तेदारांना दिले. हेतू लोकांचे आरोग्य हा नव्हता, महसूल हा होता. मोहाचे झाड दारात उभे असलेला ठाणे-कुलाब्याचा आदिवासी तरीही स्वतःची दारू गाळीतच राहिला, तेव्हा १८९२ साली मोहाची फुले बाळगणे आणि वाहून नेणे यांवरच त्या जिल्ह्यांत निर्बंध घालणारा खास कायदा आला. जी फुले टंचाईच्या महिन्यांत त्याचे अन्न होती, ती चोरीचा माल ठरली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हेतू बदलला, पण आदिवासीच्या दारातील शिपाई बदलला नाही. मोहाच्या फुलांवरील निर्बंध उठवायला महाराष्ट्रात २०२१ साल उजाडावे लागले. फूल आता मोकळे आहे. त्या फुलापासून काय बनवावे आणि कोणाला विकावे, हे ठरवण्याचा हक्क मात्र आदिवासीला अजून मिळालेला नाही.

याच राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर करून द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कात भरघोस सूट दिली. कारखान्याच्या आवारातच पर्यटकाला पेला भरून देण्याचा मार्ग मोकळा झाला. द्राक्ष बागाईतदाराला न्याय मिळाला याबद्दल तक्रार नाही. परंतु द्राक्ष आंबवले की तो 'कृषिप्रक्रिया उद्योग' आणि मोह आंबवला की तो 'हातभट्टीचा गुन्हा', हा भेद रसायनशास्त्राच्या कोणत्या नियमाने पडतो? त्यातही गंमत अशी की, ज्या मद्याला राज्य अधिकृतपणे 'देशी दारू' म्हणते, ते साखर कारखान्यांच्या मळीपासून बनलेले आणि कारखान्यात बाटलीबंद झालेले असते. देशातील झाडाच्या फुलाची दारू तेवढी देशी नव्हे. २००९ च्या सुमारास पुण्यात सूक्ष्म भट्टीच्या परवान्यावर जागेवरच बिअर विकणारे पहिले उपाहारगृह उघडले, पुढे मुंबईतही अशी अनेक झाली. ती चालवणाऱ्यांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही, मात्र परवान्याचे शुल्क, परदेशी बनावटीची यंत्रे आणि जागेचे भाडे पाहता थेट विक्रीचा हक्क आपल्याकडे फक्त भांडवलवाल्यालाच मिळाला आहे. खुद्द बाटलीबंद बिअरच्या क्षेत्रात काय चालते, ते २०२१ साली स्पर्धा आयोगाने उघड केले. संगनमताने दर ठरवल्याबद्दल दोन बड्या कंपन्यांना मिळून आठशे कोटींहून अधिक दंड त्याने ठोठावला.

यावर चळवळीतून येणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. पाड्यावर भट्टीला परवाना दिला तर दारूचा पूर येईल, आणि त्याची किंमत स्त्रियांना मोजावी लागेल. 'आडवी बाटली'च्या मतदानासाठी उन्हातान्हात रांगा लावणाऱ्या स्त्रियांनी हा प्रश्न विचारला तर त्यांना लोहियांच्या लघुयंत्राचा सिद्धान्त ऐकवून भागणार नाही. मात्र दोन गोष्टी विचारात घ्यायला हव्यात. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. या उलटसुलट निर्णयांत गावाचे मत निर्णायक नव्हते, मंत्रिमंडळाचे होते. दुसरे असे की, २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या, अनेक हातांतून आलेल्या निनावी मालाने. जो माणूस आपल्याच ओसरीवर, आपल्याच नावाने, शेजाऱ्याला पेला भरून देतो, त्याला भेसळ परवडत नाही. उद्या सकाळी त्याला त्याच पाणवठ्यावर जायचे असते. हे नैतिकतेचे प्रशस्तिपत्र नव्हे. जबाबदारी कोठे वसते, एवढाच मुद्दा आहे.

आणि यासाठी नवा कायदा शोधण्याचीही गरज नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, तसेच त्यांची विक्री व सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी, दोन्ही एकाच कलमात दिलेली आहेत. बंदीचा अधिकार वापरण्याचे पाठ सरकार ग्रामसभांना हौसेने देते. नियंत्रित उत्पादनाचा विचार निघाला की तेच सरकार अबकारीच्या नियमांकडे बोट दाखवते. मध्य प्रदेश सरकारने २०२१ नंतर मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देऊन ते बनवण्याचे काम आदिवासी बचत गटांकडे दिले, हे पाऊल पुढचे खरे. पण तेथेही भर आहे तो देखण्या बाटलीवर आणि दूरच्या पर्यटकावर. बचत गट त्यामुळे पुरवठादार होतो, विक्रेता होत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवल्यावर २०११ साली स्वतःच्या वाहतूक परवान्याने स्वतःचा बांबू विकला, तेव्हा वनखात्याची आणि कागद गिरण्यांची जी चलबिचल झाली तिचे कारण बांबूची किंमत नव्हती. विक्रीच्या निर्णयावरील सही बदलली होती.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. ज्या ग्रामसभेला बंदी हवी तिच्या हद्दीत कोणाचाही परवाना, कारखान्याच्या देशी दारूचाही, लागू होऊ नये. जिला बंदी नको तिला ओबरफाल्त्सच्या धर्तीवर गावाच्या मालकीची एक सामायिक भट्टी उभारता यावी. वर्षाचे गाळप ग्रामसभेने ठरवावे, प्रत्येक गाळपाच्या नमुन्याची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी नाममात्र शुल्कात व्हावी, विक्री जागेवरच आणि ठरावीक दिवशी व्हावी. स्त्रियांच्या सभेने बहुमताने ठराव केला तर दुसऱ्या दिवशीपासून भट्टी थंड झाली पाहिजे, जिल्हाधिकाऱ्याच्या शिक्क्याची वाट न पाहता. शुल्क उत्पादनाच्या आकारमानानुसार चढते असावे, आणि खालच्या पायरीवर ते परवान्याचा कागद छापण्याच्या खर्चाहून अधिक असू नये. सध्याच्या नियमांत सर्वांत लहान अर्जदाराला भरावे लागणारे शुल्क हे एखाद्या पाड्याच्या वर्षभराच्या मोहाच्या विक्रीशी ताडून पाहण्याचे कष्ट उत्पादन शुल्क विभागाने घेतले, तरी चर्चेला आरंभ होऊ शकेल.